सांत्वन पावेना

प्रिय लेका,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाळक होऊन वर्ष व्हायच्या आत तीन वर्षांच्या पोराचं दफन वाट्याला आलं. कबरस्थानात सगळं रीतसर पार पडलं, पण घरी परतल्यावर त्या आईनं "का?" विचारलं आणि तू गप्प राहिलास, त्याची तुला लाज वाटते आहे. बुधवारी त्यांच्याकडे घरची उपासना आहे, तेव्हा कुठलं वचन घेऊ, असं विचारतोस.

आधी लाजेचं बघू. २ राजे, अध्याय ४ काढ. शूनेमच्या बाईचं पोर सकाळी "माझं डोकं, माझं डोकं" करत आलं आणि दुपारपर्यंत तिच्या मांडीवर गेलं. ती गाढवीवर बसून थेट कर्मेल पर्वतावर गेली आणि तिनं अलीशाचे पाय धरले. अलीशाचा चाकर गेहजी तिला बाजूला सारायला धावला. (प्रत्येक मंडळीत एक गेहजी असतो, तुझ्याही असेल.) अलीशा म्हणतो, असू दे तिला, तिचा जीव कष्टी आहे, आणि परमेश्वरानं हे माझ्यापासून गुप्त ठेवलं आहे. एवढा मोठा संदेष्टा, पण मला कळवलेलं नाही म्हणतो आणि पुढे तिच्यामागून चालू लागतो. तुलाही कळवलेलं नाही. तसं सांगायला हरकत नव्हती.

आता काय वाचू नकोस ते. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे आमच्याकडच्या कितीतरी कबरींवर कोरलेलं आहे. पण ते मुलं गमावलेला ईयोब स्वतः बोलला, त्याला कुणी ऐकवलेलं नव्हतं. त्या आईच्या तोंडून आलं तर ऐकून घे, तू मात्र तिला देऊ नकोस. दावीद राजाच्या गेलेल्या बाळाची गोष्टही नको. "मी त्याच्याकडे जाईन" एवढी ओळ गोड आहे खरी, पण तिच्या मागे दोष दाखवायला आलेला नाथान संदेष्टा आहे, बापाचं पाप आहे आणि त्यापायी गेलेलं लेकरू आहे. तू एक ओळ वाचशील आणि ती आई रात्री दिवा लावून सगळा अध्याय वाचेल. आपल्या लोकांत कुणाचं पोर गेलं की आईबापांचं काय चुकलं हे शोधायला माणसं टपलेली असतात. त्यांच्यासाठी योहान ९ ध्यानात ठेव, जन्मांध माणसाबद्दल प्रभूनं दिलेलं उत्तर: यानंही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

नाईनच्या विधवेचं वाचायचा मोह होईल. "रडू नकोस" हे तिला कोण म्हणालं ते बघ. पुढच्या क्षणी मुलगा जिवंत करून तिच्या हवाली करणारा म्हणाला. तेवढं हातात असेल त्यानंच ते शब्द वापरावेत, असं माझं मत आहे.

आमची मुलगी गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मेंदूज्वर, चार दिवस. फोटो तू आमच्याकडे पाहिला आहेस. घर माणसांनी भरलेलं असायचं आणि जो तो वचन घेऊन यायचा. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं असेल! एकीनं तर, तरुण आहेस, दुसरं होईल, म्हणून प्रार्थनासुद्धा केली. मी त्यांच्या चपला मोजत बसायचे.

शेजारच्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती सूप घेऊन यायची आणि माझ्या ज्वारीतले खडे निवडत बसायची. बोलणं नाही, प्रार्थना नाही. ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री असेच बसले होते. बोलायला लागले तिथं बिघडलं. नवव्या का दहाव्या दिवशी आजी म्हणाली, "त्या राखणवालीचं वाच गं जरा. मला कुठं वाचता येतंय!" मला कळेना कोण राखणवाली. तिनं कधीतरी उपासनेत ऐकलेली रिस्पा तिच्या मनात होती. २ शमुवेल २१. दोन मुलगे टांगून मारलेले, पुरायचीही सोय नाही. ही बाई खडकावर गोणपाट पसरून बसली, कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरं हाकायची, रात्री रानातली जनावरं. सगळ्या गोष्टीत तिच्या तोंडी एक शब्द नाही. मी मोठ्यानं वाचलं आणि तिथं पहिल्यांदा मला आवाज फुटून रडू आलं. आजी खडे निवडत राहिली.

तेव्हापासून मी बायबलात अशी माणसं शोधत गेले. याकोबाचे मुलगे आणि मुली त्याचं सांत्वन करायला उठले, तर तो ऐकेना. लेकरांसाठी रडणारी राहेल सांत्वन पावेना. तिचं तर नीट बघ. यिर्मयाच्या पुस्तकात त्या ओळीपुढे लगेच, आता रडणं आवर, तुझी मुलं परत येतील, असं आहे. मत्तयानं बेथलेहेमात हेरोद राजानं मारलेल्या पोरांसाठी तीच ओळ घेतली आणि "सांत्वन पावेना, कारण ती नाहीत" इथंच थांबवली. पुढचं त्याला पाठ नसेल का? पण त्या गल्लीत उभं राहून त्यानं ते म्हटलं नाही. तूही बुधवारी तिथंच थांब. पुढची ओळ कुठं पळून जात नाही, दोन वर्षांनी ती आई स्वतः मागेल.

आणि बायबल आपल्या भाषेत आणणाऱ्यांपैकी एकीचंही आठव. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून मराठी करत होत्या. अखेरचं काम हातात असताना जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या, आणि त्यांचं संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ साली. लेकराच्या दुःखातून गेलेल्या आईचा हात त्या पानांवरून फिरलेला आहे.

"दुसरं होईल" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब देऊन ठेवते. शेवटच्या अध्यायात ईयोबाला सगळं दुप्पट मिळालं. मेंढरं ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,०००. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली, तेवढीच. दहाची वीस झाली नाहीत. जुने लोक सांगतात, पहिली दहा देवाजवळ अजून त्याचीच होती, म्हणून मोजणी दुप्पटच झाली. मला हे पटतं. कुणी विचारलं तर आम्हाला तीन मुलं, असं मी आजही सांगते.

बुधवारी स्तोत्र ८८ घे. हे स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला आशेचं शेपूट जोडू नकोस. उपदेश नको. चहा देतील तो घे. बापाकडे लक्ष ठेव. सगळे बाईभोवती असतात आणि तो बाहेर खुर्च्या लावत फिरतो. मुलाचा वाढदिवस विचारून डायरीत टिपून ठेव आणि त्या दिवशी जाऊन ये, पाच मिनिटं का होईना.

अजून एक. मुलगी गेल्यावर पंधरा दिवसांनी आमचा शिंपी दारात आला. नाताळचा फ्रॉक शिवून तयार होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वही उघडून त्यानं वाचलं: तिचं नाव, उंची बावीस, छाती तेवीस. तोवर सगळे तिला बाळ, लेकरू, देवाचं फूल म्हणत होते. तिचं नाव घेणारा तो पहिला. मी शिलाई दिली आणि फ्रॉक ठेवून घेतला.

तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यात त्या मुलाचं नाव कुठंच नाही. पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
बाई