आधी तो 'च' पकड

तू लिहिलंयस की साहेबांनी रिपोर्टवर नुसतं 'ओके' पाठवलं आणि तेवढ्यावरून तुझा शनिवार-रविवार गेला, सगळे सांगतात पॉझिटिव्ह विचार कर पण जमत नाही. अरे नाहीच जमत तसं. (अरेतुरे करतोय, वयाने बराच मोठा आहे.)

मी अकाउंट्सवाला. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या जीएसटी ३बी मध्ये (म्हणजे दर महिन्याचं रिटर्न) माझ्या हातून क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, कमी घेतलं गेलं, वीस तारखेला रिटर्न भरून झाल्यावर रात्री अकराला लक्षात आलं आणि मग डोक्यात जी गाडी सुटली, क्लायंट जाणार, सर काढून टाकणार, या वयात कोण घेणार, घराचे हप्ते, पोरीची अ‍ॅडमिशन, पहाटे चारपर्यंत मी सहकुटुंब रस्त्यावर आलो होतो. प्रत्यक्षात राहिलेलं क्रेडिट पुढच्या महिन्यात घेतलं, सर दोन वाक्यं बोलले, ती पण चहा पिता पिता. तरी मी महिनाभर कुढत होतो.

तेव्हा एका काउन्सेलर बाईंनी एकच काम दिलं. डोक्यातलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहायचं, सभ्य करून नाही, आणि त्यातल्या 'च'ला गोल करायचा. माझं वाक्य निघालं, 'माझ्याकडून चूक होताच कामा नये.' हे मूळचं अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचं, १९५५ च्या सुमाराला त्याने अमेरिकेत ही पद्धत आणली, आता तिला आरईबीटी म्हणतात, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. इच्छा असू दे, तिचा हट्ट झाला की त्रास. त्याला इंग्रजीत मस्ट आणि शुड शोधत बसावं लागायचं, आपलं काम एका अक्षरात होतं.

तुझं बहुतेक 'साहेबांना माझं काम आवडलंच पाहिजे' असं निघेल. ते 'आवडलं तर बरं, नाही आवडलं तर वाईट वाटेल पण विचारता येईल' असं करून बघ. वाईट वाटणं याने जात नाही, जायलाच नको (बघ, आला माझा पण च), फक्त झोप लागण्याइतकं खाली येतं. मला पहिले दोन आठवडे हे सगळं बालिश वाटलं होतं, सांगून ठेवतो.

दुसरा तुझा मनकवडेपणा. साहेबांनी दिली दोन अक्षरं, बाकीची कादंबरी तुझी.

पण नुसतं लिहून भागत नाही, करून बघावं लागतं. एलिस स्वतः १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी जाऊन बोलायचं ठरवलं आणि महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलला. भेटायचं कबूल केलं एकीने, ती पण आली नाही! पण आभाळ काही कोसळलं नाही आणि भीती गेली. (हा प्रयोग आज तू करू नकोस बाबा.) तू सोमवारी साहेबांना एवढंच विचार, 'रिपोर्टमध्ये काही बदल हवेत का?'

झोप, भूक दोन आठवड्यांवर बिघडलेली असेल तर मात्र वही बाजूला ठेव आणि सरळ डॉक्टर गाठ. जगूच नये असं वाटायला लागलं तर दोन आठवडे पण थांबू नकोस, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालतो, फुकट आहे.

आणि 'ओके'चं म्हणशील तर माझी बायको रोज 'ओके' पाठवते. रागावली की 'बरं' येतं.