‘आपण कुठेच जात नाही’

एप्रिल संपत आला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: “सुट्टीत मुलांसाठी काहीच करता येत नाही हो.” ही चिंता वरवर किरकोळ वाटते, म्हणून लोक ती दुसऱ्याच कुठल्या तक्रारीआडून सांगतात. मुलगा ऐकत नाही, उलट बोलतो, मोबाइल सोडत नाही. डोंबिवलीच्या ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे, त्यांचीही सुरुवात मोबाइलनेच झाली. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई पतपेढीत नोकरीला. वडील मस्जिद बंदरला एका घाऊक दुकानात हिशेब बघतात. रविवार सोडला तर मुलांच्या वाट्याला ते रात्री जेवणापुरतेच येतात. मुलाने पाचवीची परीक्षा दिलेली, मुलगी दुसरीत. घरात आजी. वन रूम किचन, त्याचा हप्ता चालू.

आई एकटीच आली होती. “मॅडम, दिवसभर मोबाइल. काढून घेतला की म्हणतो, मग दुसरं काय करू? आपण तर कुठेच जात नाही.” मग हळूहळू पुढचं निघालं. सोसायटीतली दोन कुटुंबं काश्मीरला गेली होती, एक दुबईला. शाळेच्या ग्रुपवर रोज फोटो येत होते. स्वतःच्याच पतपेढीतून 60 हजारांचं कर्ज काढून सहलीचं पॅकेज घ्यायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. “तुम्ही फक्त एवढं सांगा, मुलांसाठी एवढं तरी करायलाच हवं ना?”

कर्ज काढावं की नाही, हे सांगणं माझं काम नाही. पण मुलगा नेमकं काय मागतोय, हे कुणी त्याला विचारलंय का, हे मी विचारलं. ती म्हणाली, “विचारायचं काय त्यात? फिरायला जायचंय त्याला.”

मुलगा पुढच्या वेळी आला. सुरुवातीला मान खाली. मी सहलीचा विषयच काढला नाही. घरात कोण कुठे झोपतं ते चित्र काढून दाखव म्हटलं. त्याने हॉल काढला, त्यात स्वतःला, बहिणीला आणि आजीला झोपवलं. स्वयंपाकघरात आई-बाबा. मधल्या भिंतीवर पेन्सिल ठेवून म्हणाला, “इथून सगळं ऐकू येतं.” काय ऐकू येतं? “मी कुठे जाऊया म्हटलं की रात्री त्यांचं भांडण होतं. हप्ता, हप्ता करतात.” मग बराच वेळ गप्प. आणि मग, “बँक घर घेऊन जाते का हो?”

लहान घरांतून येणारी अशी मुलं मी खूप बघितली आहेत. आपण समजतो, पैशाची ओढाताण मुलांना कळत नाही. ती त्यांना कळते. फक्त अर्धी कळते, आणि उरलेली अर्धी ती आपल्या भीतीने भरून काढतात. या मुलाने सहल मागणं कधीचंच सोडून दिलं होतं. “कुठेच जात नाही” हे वाक्य तो मोबाइल वाचवायला वापरत होता, कारण त्या एका वाक्यावर आई गप्प होते, हे त्याला माहीत झालं होतं. आणि एक राग मात्र खरा होता: “आई दरवर्षी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की.”

इथे वडिलांशी बोलणं भागच होतं. ते आले, पण अवघडून बसले. त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं आणि मे महिना गुहागरकडच्या गावात. एसटीचं तिकीट सोडलं तर त्या महिनाभराला खर्च असा नव्हताच. आंबे, करवंदं, विहिरीत डुंबणं, खाडी ओलांडून मावशीकडे जाणं. आता गावचं घर वाटणीत अडकलंय, तिथे हक्काने जाऊन राहावं असं कुणी उरलं नाही. मामाच्या गावाचा आधार गेल्यापासून सुट्टी ही विकत घ्यायची गोष्ट झाली आहे, आणि जे घेऊ शकत नाहीत ते आईबाप स्वतःला गुन्हेगार समजू लागले आहेत. माझ्या मते या चिंतेचं मूळ तिथे आहे.

मी त्यांना सुचवलं की मुलांना समोर बसवून दोन गोष्टी सांगा. घर सुरक्षित आहे, हप्ता वेळेवर जातोय, ही पहिली. आणि या मे महिन्यात फिरायला आपल्याकडे अमुक इतके रुपये आहेत, ही दुसरी. आकडा स्पष्ट सांगा. वडील लगेच म्हणाले, “मुलांसमोर पैशाचं कशाला? बाप कमी पडतो असंच वाटेल ना त्यांना.” मी म्हणाले, “दादा, त्याला आत्ता वाटतंय की त्याने फिरायला मागितलं म्हणून घर जाईल. त्याच्यापेक्षा खरा आकडा बरा.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोकडे बघून म्हणाले, “अडीच हजार जमतील.” पॅकेजच्या कर्जाचा विषय तिने तिथेच, माझ्यासमोर काढला. तो भाग कठीण होता. तो त्यांच्यापुरताच ठेवते.

ठरलं ते असं. 2,500 रुपये, चार रविवार. कुठे जायचं हे प्रत्येक वेळी घरातल्या एकाने ठरवायचं. वही आणि पैशाचं पाकीट मुलाकडे. तिकिटं तोच काढणार, खर्च तोच लिहिणार. हा भाग मी मुद्दाम आग्रहाने ठेवते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपण कुठेही नेलं तरी तो सामानासारखाच जातो, आणि सामान कंटाळतंच. त्याच्या हातात जबाबदारी दिली की तो बघू लागतो.

पहिला रविवार मुलीचा. तिला पेंग्विन बघायचे होते, म्हणून भायखळ्याची राणीची बाग. जागा उत्तम आहे, तिकीट परवडणारं, स्टेशनवरून चालत जाता येतं, वडिलांचा पास तर आहेच. पण निघेपर्यंत अकरा वाजले. भर उन्हात रांग, रविवारची गर्दी, मुलगी रडायला लागली, बाहेर आइस्क्रीम आणि थंड पेयांवरच पाकीट रिकामं व्हायला लागलं. आई फोनवर म्हणाली, “बघा मॅडम, म्हटलं नव्हतं? स्वस्तातलं असंच असतं.” मी म्हटलं, वहीत लिहायला सांगा, काय चुकलं. मुलाने लिहिलं: ‘सहाला निघायचं. पाणी घरून. बुधवारी बाग बंद.’ ती तिसरी ओळ त्याने फाटकावरचा फलक वाचून लिहिली होती, त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता, पण मला तीच सगळ्यात आवडली.

वडिलांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, मला लाँचमधून जायचंय. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला, म्हणजे उरणला. इतकी वर्षं त्या धक्क्याच्या इतक्या जवळ काम करून ते कधी लाँचमध्ये बसले नव्हते.

हा दिवस मला मुलाने वही उघडून सांगितला, आणि त्याच्या बोलण्यात पहिल्यांदा वेग होता. ओहोटीला मोऱ्याच्या बाजूला गाळामुळे पाणी कमी पडतं आणि लाँच काही तास बंद राहतात, हे वडिलांना दुकानातल्या हमालांकडून कळलेलं. मग भरती कधी? आजीने उत्तर दिलं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल त्या तासाला भरती. रविवारी चतुर्दशी होती. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. वहीच्या समासात हे गणित पेन्सिलीने मांडलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आजी बरोबर’. कारण शनिवारी संध्याकाळी वडील दुकानातून सुटल्यावर धक्क्यावर जाऊन विचारून आले होते. या घरात आजीचे गुडघे आणि आजीची औषधं यापलीकडे आजीबद्दल काही बोललं जात होतं असं मला त्याआधी ऐकू आलं नव्हतं.

पहाटेची लोकल धरून ते मस्जिदला उतरले. रविवार असल्याने बाजार बंद. वडिलांनी दुकान दाखवलं तेव्हा शटर ओढलेलं होतं. मुलीने त्या शटरला टेकून फोटो काढून घेतला. मुलगा म्हणाला, “बाबांना तिथे सगळ्या गल्ल्या पाठ आहेत.” घरी हा माणूस थकलेला, जेवून झोपणारा. त्याच्या गल्लीत तो वेगळाच चालत असणार.

लाँचमधून नांगरलेली जहाजं दिसली, घारापुरीचं बेट दिसलं, न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसल्या. लाइफ जॅकेट आईने दोघांना मागून घेऊन घालायला लावलं. हे सगळ्यांनीच करावं, लाँचवाला काही म्हणाला तरी. उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं, तेव्हा दुपार सावलीत, घरून आणलेला डबा, एक कलिंगड. उन्हं कलल्यावर पाण्यात पाय, तेही घोट्यापर्यंतच. परत येताना लाँच नाही. उरणपर्यंतची लोकल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, त्यामुळे उरणहून नेरुळ, नेरुळहून ठाणे आणि ठाण्याहून डोंबिवली असं वर्तुळ पूर्ण करता येतं. गाड्या कमी आहेत, तेवढी वेळ आधी बघून ठेवायची. पाच ते बारा वयाला लोकलचं अर्धं तिकीट, हे मुलाने खिडकीवर स्वतः सांगितलं. चौघांचा दिवस 600 रुपयांच्या आत झाला होता, आणि बेरीज त्याने दोनदा तपासली होती.

आईने अंबरनाथचं शिवमंदिर निवडलं. सन 1060 चा शिलालेख असलेलं मंदिर डोंबिवलीपासून काही स्टेशनांवर, आणि ती लग्नानंतर एकदाही गेली नव्हती. मुलाने कान्हेरी मागितलं, कारण तिथल्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही हे त्याने शोधून काढलं. ही लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, त्याच्या फाटकाचं तिकीट वेगळं असतं आणि सोमवारी सगळं बंद, हेही. शंभराहून जास्त लेणी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी; ती टाकी बघून त्याने विचारलं, “इथे नळ नव्हता तरी माणसं राहायची?”

आता मला कुणी विचारलं तर मी वयानुसार आणि घरानुसार आणखी काही सुचवते. धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात सकाळी जावं; तिथे पूर्वी कचऱ्याचा डेपो होता, आता जंगल आहे, आणि हे मुलांना आधी सांगून न्यावं म्हणजे ती जमिनीकडे बघतात. दिवा-वसई मेमू गाडीने वसईच्या किल्ल्यावर जाता येतं; 1739 ला चिमाजी अप्पांनी घेतलेला हा किल्ला बघायला तिकीट नाही आणि वाटेत ताडगोळे मिळतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून चालू आहे. जवळच्या कुठल्याही वाचनालयात मुलाच्या नावाने खातं उघडावं, सहलीपेक्षा ते जास्त दिवस पुरतं.

कारण खरी अडचण रविवारची नसतेच, सोमवार ते शनिवारची असते. दोघंही कामावर असतात तेव्हा शिबिर हा आळस किंवा दिखावा नसतो, ती गरज असते, आणि परवडत असेल तर खुशाल घालावं. या घरात परवडत नव्हतं. मग आजीच्या हाताखाली कुरडया घालणं, पन्हं करून बाटल्या भरणं, पुढच्या रविवारची आखणी, आणि शेजारच्या दोन मुलांना दुपारी आळीपाळीने एकमेकांच्या घरी बसवणं, असं जमलं. मोबाइल सुटला का? नाही. दुपारी दीड तास ठरला आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला. याहून जास्त मी कुणालाही कबूल करत नाही.

कर्जाचा अर्ज तिने भरला नाही. त्याऐवजी महिन्याला 500 रुपयांची आवर्ती ठेव उघडली आणि पासबुक मुलाला दाखवलं. काश्मीर त्याला अजूनही हवंय. मित्रांचे फोटो आले की अजूनही तो चिडतो, आणि त्यात काही वावगं नाही. हवं असणं हा आजार नव्हे. फरक एवढाच की “पुढच्या वर्षी” म्हटलं की आता तो विचारतो, “किती जमलेत?” आणि त्याला आकडा मिळतो.

असंच घर असलेल्या पालकांना एक सांगायचं आहे. सुट्टीतली कुरकुर, तुलना, कंटाळा हे नेहमीचंच. पण मूल आवडीच्या खेळालाही नकार देऊ लागलं, झोप किंवा जेवण बिघडलं, मित्र टाळू लागलं, “माझ्यामुळे” असं वारंवार म्हणू लागलं आणि हे दोन आठवड्यांपलीकडे चाललं, तर त्याला सहलीने उतार पडणार नाही. तेव्हा शाळेच्या समुपदेशकाला किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथे केसपेपर मोफत किंवा अगदी थोडक्या पैशात निघतो, आणि मुलाला आणण्याआधी तुम्ही एकटे येऊन बोललात तरी चालतं.