गाठ 'साधी' आहे म्हणतात, मग ऑपरेशनची एवढी भीती का? आणि ते सोलापुरात करावं की पुण्याला?

तुम्ही लिहिलंय की १२ वर्षांच्या भाच्याच्या एमआरआयमध्ये क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची मेंदूतली गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी सांगितलं की हा कॅन्सर नाही, आणि लगेच ऑपरेशनचे एवढे धोके सांगितले की घरात कुणाला झोप नाही. दोन्हीतलं खरं काय, आणि सोलापुरात करायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा आहे. माझ्या मुलाला हीच गाठ होती. २०१८ साली तो नववीत असताना पुण्यात ऑपरेशन झालं. तुमचा प्रश्न वाचला आणि तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं सगळं आठवलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डॉक्टर दोन्ही वेळा खरंच बोलले. ही गाठ शरीरात पसरत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ती पहिल्या ग्रेडची आहे. पण तिची जागा वाईट. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, खाली पिट्यूटरी ग्रंथी असते आणि वर हायपोथॅलॅमस, तिथेच ती वाढते. तहान, भूक, झोप, उंची, वयात येणं, लघवी किती व्हावी, सगळ्याचा कारभार त्या सुपारीएवढ्या जागेत चालतो. आईच्या पोटात पिट्यूटरी तयार होताना ज्या पेशी मागे उरतात त्यांची ही गाठ. वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना होते, मुलांत साधारण ५ ते १४ या वयात. भाच्याच्या आईवडिलांच्या हातून काही चुकलंय म्हणून ती झालेली नाही, हे घरातल्या मोठ्यांना एकदा बसवून सांगा. आमच्याकडे बायकोला फार ऐकून घ्यावं लागलं.

आमचं निदान उशिरा झालं. सातवीत शिवलेली शाळेची पँट नववीतही बसत होती आणि आम्ही म्हणायचो, चला, यंदाचा कपड्याचा खर्च वाचला. पोराची उंची थांबलीय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. डोकं दुखायचं म्हणून चष्मा लावला, वर्षात दोनदा नंबर बदलला. मग तो सात रस्त्याला सायकलवरून शेजारच्या रिक्षावर आदळला. म्हणाला, "पप्पा, रिक्षा दिसलीच नाही." समोरचा फलक तो नीट वाचत होता, पण दोन्ही बाजूंचं दिसत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात समोरची अक्षरं वाचून घेतात, बाजूची नजर तपासत नाहीत. त्यासाठी पेरिमेट्री नावाची वेगळी तपासणी असते. ती झाली, कागदावर दोन्ही कडा काळ्या आल्या आणि त्याच संध्याकाळी एमआरआय झाला.

भाच्याचं आता काय करायचं? तो दिवसभर पेंगत असेल, सकाळी उठल्या उठल्या उलट्या आणि डोकेदुखी असेल, तर मेंदूतलं पाणी तुंबलेलं असू शकतं. तेव्हा पुणे की मुंबई याचा विचार करत बसू नका. सोलापुरातच ताबडतोब न्यूरोसर्जन गाठा. पाण्याला वाट करून देण्याचं काम इथे होतं, आणि त्याने मूल वाचतं. गाठीचं मोठं ऑपरेशन नंतर शांतपणे ठरवता येतं.

असं काही नसेल तर ऑपरेशनआधी हाताशी थोडे दिवस असतात, ते तपासण्यांना द्या. एमआरआय झालेला असताना डॉक्टर पुन्हा सीटी सांगतील. पैसे उकळतायत असं समजू नका. मुलांच्या या गाठीत कॅल्शियम साचतं, ते एमआरआयमध्ये धड कळत नाही, सीटीत पांढरंशुभ्र दिसतं, आणि त्यावरून निदान पक्कं होतं. आत पाण्याची पिशवीही असते. आमच्या सर्जननी नंतर सांगितलं की आतलं द्रव इंजिन ऑइलसारखं होतं, चकाकणारे कण असलेलं. लूमच्या गिअरबॉक्समधून काढलेलं जुनं ऑइल मी रोज बघतो, त्यामुळे मला ते लगेच डोळ्यांसमोर आलं.

त्याहून महत्त्वाचं रक्त. प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीचं हार्मोन बघायलाच हवं, कारण त्याच जागेवरची प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेकदा नुसत्या गोळ्यांनी आकसते. एएफपी आणि बीटा एचसीजी या रक्तातल्या गाठींच्या खुणा बघतात, कारण तिथे होणाऱ्या जर्मिनोमासारख्या गाठी रेडिएशन आणि केमोने विरघळतात, त्यांना मोठ्या ऑपरेशनची गरज नसते. म्हणजे हाताने चाकू धरण्याआधी रक्ताच्या दोन-चार नळ्या अख्खा निर्णय बदलू शकतात. आणि सकाळी ८ वाजताचा कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणाचा ताण झेलायला अंगाला लागणारं हार्मोन. आमच्या मुलाचा थायरॉइड कमी आला होता, म्हणून इथे थायरॉइडची गोळी लिहून मिळाली होती. पुण्याच्या एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी ती थांबवली. म्हणाल्या, आधी कॉर्टिसॉल बघू, तो कमी असेल तर स्टिरॉइड सुरू करू, मगच थायरॉइड. उलटं केलं तर मूल एकदम कोसळू शकतं. हे नुसतं लक्षात ठेवू नका, फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नातेवाईक व्हॉट्सॅपवर पाठवतील की आता ही गाठ गोळ्यांनी जाते. बातमी खोटी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६ पैकी १५ रुग्णांची गाठ गोळ्यांनी बरीच आकसली. पण ते सगळे मोठ्या माणसांत होणाऱ्या पॅपिलरी प्रकाराचे होते, त्या प्रकारात बीआरएएफ या जनुकात बदल असतो. मुलांची गाठ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते आणि तिच्यावर त्या गोळ्या लागू पडत नाहीत. त्या आशेवर दिवस घालवू नका.

आता पुणे की सोलापूर. माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरातले न्यूरोसर्जन कमी आहेत असं मी म्हणत नाही, अपघातात डोक्याला मार लागलेली माणसं ते रोज वाचवतात. पण ही गाठ कुणाही सर्जनसमोर क्वचित येते, म्हणून जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात तिथे जा. आणि सर्जनचं नाव विचारण्याआधी तिथे हे विचारा: ऑपरेशननंतर रात्री २ वाजता रक्तातलं सोडियम तपासून मिळेल का, आणि तो रिपोर्ट वाचून डोस बदलणारा एंडोक्रिनॉलॉजिस्ट फोनवर असेल का? हे मी जिवावर बेतल्यावर शिकलो.

ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने झालं. नऊ तास लागले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, चांगलं झालं. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पोराला लघवी सुरू झाली ती थांबेचना. पाण्यासारखी, रंगच नाही. तासाला ३०० मिली. मी मापाचा जग घेऊन बाथरूमच्या दारात उभा, आकडे वहीत लिहितोय आणि तो पाणी मागतोय. लघवी आवरणारं हार्मोन बंद पडलं होतं. याला डायबेटीस इन्सिपिडस म्हणतात, साखरेशी काही संबंध नाही. नावाच्या या घोळाने रुग्ण दगावलेत, कारण नवखी माणसं साखर बघून "नॉर्मल आहे" म्हणतात आणि औषध थांबवतात. म्हणूनच २०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नावच बदललं, आता आर्जिनिन व्हासोप्रेसिन डेफिशियन्सी म्हणतात. फाईलवर दोन्ही नावं लिहून घ्या. आमच्या गल्लीत अजून विचारतात, "पोराला शुगर झाली म्हणे की ओ?"

त्यावर डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या हार्मोनची जागा घेणारं औषध सुरू झालं, लघवी आटोक्यात आली. सातव्या रात्री मी वही बघितली, संध्याकाळी ८ पासून २ वाजेपर्यंत फक्त १५० मिली. मला इतका आनंद झाला की बायकोला उठवून सांगितलं, थांबलं बघ एकदाचं. चार्टवर लिहिलेला डोस नेहमीच्या वेळी दिला गेला. आम्ही पाणीही नेहमीसारखं पाजत राहिलो. पहाटे ५ वाजता त्याला उलटी झाली, डोळे वर गेले आणि फिट आली. सोडियम ११९. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. आयसीयूत ३ टक्के सलाइन देऊन ते हळूहळू वर आणलं.

नंतर मॅडमनी कागदावर तीन टप्पे काढून दाखवले. पहिले काही दिवस लघवी भरमसाट होते. मग साधारण पाचव्या दिवसापासून पुढे कधीतरी, दुखावलेल्या ग्रंथीत साठलेलं हार्मोन एकदम सुटतं, लघवी अडते, पाणी अंगातच राहतं आणि सोडियम घसरतं. मग साठा संपला की पुन्हा भरमसाट, आणि बऱ्याचदा ते कायमचं. सगळ्यांना तिन्ही टप्पे येत नाहीत. पण मधल्या टप्प्यात तोच डोस आणि तेवढंच पाणी चालू ठेवलं तर आमच्यासारखं होतं. तो चार्ट त्या रात्री कुणी बदलला नाही याचा राग माझ्या मनात आजही आहे. मात्र हे तीन टप्पे मला आधी माहीत असते तर ते १५० मिली बघून मी आनंदाने झोपलो नसतो, सिस्टरला उठवलं असतं. तुम्ही वही ठेवा. किती प्यायला, किती लघवी, दर तासाला. आकडा वाढला तरी सांगा, अचानक कमी झाला तरी सांगा.

दुसरं संकट घरी आल्यावर. बुटाची नाडी बांधायला तो खाली वाकला आणि उजव्या नाकपुडीतून टपटप पाणी पडलं. सर्दी असेल म्हणून त्याने नॅपकिनने पुसलं. तो नॅपकिन दुपारी माझ्या हातात आला. कापडाच्या धंद्यात माझी वीस वर्षं गेली. शेंबूड वाळला की कापड खळ दिल्यासारखं कडक होतं. हे वाळलं होतं, पण मऊच होतं. मी त्याला विचारलं, घशात खारट लागतं का? म्हणाला, हो, कालपासून. त्याच रात्री गाडी करून पुणे गाठलं. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळत होतं. डॉक्टर म्हणाले, रुमालाची ही खूण जुन्या डॉक्टरांचीच आहे, आता त्या पाण्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन तपासून खात्री करतात. गळती राहिली तर नाकातले जंतू वर जाऊन मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्ग होतो. पुन्हा नाकातून जाऊन भोक बुजवलं, कमरेत नळी ठेवून पाणी काढलं, पाच दिवस झोपवून ठेवलं. हल्ली नाकाच्या पडद्याचंच अस्तर फिरवून ठिगळासारखं लावतात, त्याने गळती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालीय. तरी भाच्याला सांगून ठेवा: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, संडासला जोर करायचा नाही, खाली वाकायचं नाही.

स्टिरॉइडबद्दलही ऐका, कारण त्यात सोलापूरचा उन्हाळा येतो. मुलाला कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड कायमचं लागलं. ताप आला की डोस वाढवायचा, उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन, वाट बघायची नाही. मे महिन्यात एका लग्नात त्याला उलट्या झाल्या, अंग गार पडलं. जवळच्या दवाखान्यात ऊन लागलंय म्हणून सलाइन लावत होते. याला स्टिरॉइड लागतं असं लिहिलेलं खिशातलं कार्ड दाखवलं, आमच्याकडचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात पोरगं बोलायला लागलं. असं कार्ड एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून लिहून घ्या, डोस त्यांनाच ठरवू द्या, आणि एक इंजेक्शन घरात, एक दप्तरात ठेवा. डेस्मोप्रेसिन सोलापुरातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं. महिन्याचा साठा संपायच्या दहा दिवस आधी सांगून ठेवा. आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात या मुलासाठी प्यायच्या पाण्याचा वेगळा हंडा ठेवा, त्याला कुणी हात लावायचा नाही.

वजन वाढेल. आमच्याकडे वर्षात १४ किलो वाढलं. लोक शेंगाचटणी आणि भाकरीला नावं ठेवत होते. हायपोथॅलॅमस दुखावला की पोट भरल्याचं कळतच नाही, त्यात मुलाची चूक नाही. म्हणूनच सर्जन कधीकधी तिथे चिकटलेला तुकडा मुद्दाम सोडतात आणि नंतर रेडिएशन देतात. "पूर्ण काढा" असा हट्ट धरू नका. टाटांच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात आता प्रोटॉन थेरपी हा रेडिएशनचा प्रकारही आहे, गरज पडली तर विचारा. गाठ परत येऊ शकते, म्हणून एमआरआय वर्षानुवर्षं करत राहावे लागतात.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला भेटा, पण भरती होण्याआधी. योजनेत बसलं नाही तर धर्मादाय हॉस्पिटलात निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बलांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, त्यांच्या समाजसेवा विभागात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला दिवस लागतात, उद्याच अर्ज द्या.

माझा मुलगा आता एका टॅक्सच्या ऑफिसात कामाला आहे. डावीकडचं थोडं कमी दिसतं, त्यामुळे गाडी चालवत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालतो, पाण्याची बाटली आणि कार्ड बरोबर असतंच.

भाच्याच्या फाईलमध्ये सकाळचा कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन आणि पेरिमेट्री आहे का ते आज बघा. नसेल तर पुण्याची तारीख घेण्याआधी हे तिन्ही सोलापुरातच करून घ्या. रिपोर्टमधलं काही कळलं नाही तर इथेच खाली लिहा. कारखान्यातली पाळी संपल्यावर, रात्री ९ नंतर मी वाचतो.