कोडीवर व्हिडिओ अडखळतो तेव्हा
कोडी या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एचडी चित्रपट अडखळू लागला की आधी बफर (पुढचा व्हिडिओ आगाऊ साठवण्याची जागा) वाढवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चित्रपट चालू असताना कीबोर्डवरील ‘ओ’ ही कळ दाबून डीकोडरच्या, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या, नावापुढे ‘एचडब्ल्यू’ (हार्डवेअर) आहे की ‘एसडब्ल्यू’ (सॉफ्टवेअर), ते पाहावे. ‘एसडब्ल्यू’ असेल तर सारा भार प्रोसेसरवर पडतो. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकामध्ये एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीसाठी हार्डवेअर डीकोडरच नसल्यामुळे तिथे नेटवर्क सुधारून काही साधत नाही. डीकोडर ठीक असेल तरच वाय-फायवर संशय घ्यावा, कारण ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल गुंतागुंतीच्या दृश्यांत सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मागू शकते; खात्रीसाठी लॅन केबल जोडून तेच दृश्य पुन्हा लावावे. कॅमेरा आडवा फिरतानाच झटके बसत असतील, तर सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटाशी पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र ताजे होण्याचा वेग) जुळवून घ्यावा.