वाचक विचारतात : कामाची पाळी, मुलं आणि घरची प्रार्थना

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर काम करतो. पाळी रात्री आठला सुटते. रविवारची चर्चमधली उपासना चुकवत नाही, पण घरची प्रार्थना दर वर्षी फेब्रुवारीपर्यंत बंद पडते. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. काय चुकतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुधा तुम्ही जानेवारीत बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात करता. पुढच्या पुस्तकात, निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि तिथं मुलं जांभया देऊ लागतात. (मोठीही देतात, फक्त तोंडावर हात ठेवून.) त्याऐवजी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, घ्या. सोळाच अध्याय आहेत आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात. मात्र अख्खा अध्याय एका बैठकीत नको. पहिल्यातच ४५ वचनं आहेत. रोज एकच प्रसंग, दहा-बारा वचनं वाचा. थोरल्याला वाचू द्या, धाकट्याला गीत निवडू द्या.

वेळ जेवणाआधीची ठेवा. भाकरी पोटात गेली की धाकटं पेंगतं. ताटं मांडेपर्यंतची दहा मिनिटं पुरतात : एक कडवं, वाचन, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. बापाची प्रार्थना लांबली की सगळं बिघडतं, आणि प्रार्थनेतून मुलांना रागावणं तर नकोच. ती लगेच ओळखतात.

उशीर झाला त्या दिवशी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ११७ वाचा, दोनच वचनं. तुम्ही नसाल तेव्हा घरच्यांनी चालवावं. रविवारी जादा पाळी लागणार असेल तर मुकादमाला शुक्रवारीच सांगा; शनिवारी रात्री बदली माणूस मिळत नाही.