वाचकांचे प्रश्न : अंगणवाडीला टीव्ही घ्यावा की माणूस नेमावे?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. महिला व बालकल्याणासाठी राखीव असलेल्या रकमेतून अंगणवाडीच्या भिंती रंगवाव्यात आणि मोठा टीव्ही घ्यावा, असे आमच्या सभेत बहुतेकांचे मत पडले. लहान मुलांच्या विकासावरील संशोधन या बाबतीत काय सांगते? शिवाय गावातील निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलेच नसतील तर खर्च कशाला, असाही सूर आहे.

उत्तर : टीव्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक दाखवू नये. एवढा वेळ तर त्यांच्या घरचा मोबाइलच खातो. रंगकामाला माझी हरकत नाही. मात्र छत गळत असेल, तर आधी ते बघावे.

निर्णय घेण्यापूर्वी सभेतल्या दोघा-चौघांनी अंगणवाडीत एक सकाळ बसून पाहावे. सेविका मुलांची हजेरी मोबाइलवर भरते, वजने घेते, गरोदर मातांची नोंद करते, घरपोच आहाराची पाकिटे वाटते आणि तेवढ्यात लसीकरणाचा निरोप येतो. मदतनीस खिचडी आणि मुलांची ने-आण यांतच गुंतलेली असते. गाणी, गोष्टी, मणी ओवणे, खडे मोजणे यांसाठी जो वेळ उरतो तो फारच तोकडा असतो, आणि त्यात सेविकेचा दोष नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून पोषण, आरोग्य आणि शिक्षण ही तिन्ही कामे एकाच बाईच्या पदरात टाकली गेली. त्यांपैकी पहिल्या दोन कामांचा हिशेब वरून मागितला जातो, तिसऱ्याचा कोणी मागत नाही.

नेमक्या याच अडचणीवर तामिळनाडूत एक प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या निवडल्या आणि त्यांपैकी चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने वेगळ्या काढलेल्या काही केंद्रांत केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती नेमली. त्या केंद्रांत शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांची भाषा व गणित सुधारले. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे, तिथे खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) आणि तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाणही घटले. कारण जुन्या सेविकेला आता पोषणाच्या कामासाठी उसंत मिळाली होती. म्हणून मी म्हणतो की, गावातल्याच एखाद्या शिकलेल्या सुनेला किंवा मुलीला रोज दोन-तीन तासांसाठी मानधन द्यावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते; त्या शीर्षाखाली मानधन कसे दाखवायचे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडून आधीच लेखी घ्यावे, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी धावपळ होणार नाही.

तीन वर्षांखालील मुले तर अंगणवाडीत बसतच नाहीत. त्यांच्या वाट्याला पाकीट येते आणि वजनकाटा येतो. जमैकात १९८६-८७ साली खुरटलेल्या लहानग्यांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात आणि घरच्याच वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व बोलावे, हे आईला दाखवीत. हे दोन वर्षे चालले. सुमारे २० वर्षांनी पाहिले, तेव्हा या मुलांची कमाई तशाच परिस्थितीतील इतर मुलांपेक्षा २५ टक्के अधिक निघाली; नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. पुढे ग्रामीण ओडिशातील प्रयोगात असे आढळले की, घरोघरी जाण्याऐवजी मातांना गटाने बोलावले तरी परिणाम जवळपास तेवढाच होतो आणि खर्च बराच कमी येतो. तुमच्या गावात हे जमण्यासारखे आहे.

मराठवाड्याला हा विचार नवा नाही. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले आणि त्याने दोन वर्षांखालील मुलांवर भर दिला. राज्यात या वयाच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २३ टक्क्यांवर आले. पुढे ती गती राहिली नाही : पाच वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, तो २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाला.

आता ऊसतोडीचे. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह तरी असते, पण दोन वर्षांचे मूल आईशिवाय राहू शकत नाही, ते टायरगाडीत बसून जातेच. पहाटे अंधारात आई-बाप फडात शिरतात आणि धाकटे मूल बांधावर पाचटाच्या ढिगाशेजारी सात-आठ वर्षांच्या ताईच्या हवाली होते. दोघांचीही त्या वर्षातली वाढ तिथेच अडते. म्हणजे खर्च वाया जाण्याचे कारण मुले नसणे हे नसून, मुले जिथे आहेत तिथे अंगणवाडी पोहोचत नाही, हे आहे. पोषण ट्रॅकरवर (सेविकेच्या मोबाइलवरील नोंदींचे सरकारी ॲप) लाभार्थीच्या स्थलांतराची नोंद करता येते. गाड्या निघण्याआधी ती करून घ्यावी. मुकादमाकडून कारखान्याचे व तळाच्या गावाचे नाव घेऊन तिथल्या सरपंचांना व सेविकेला मुलांची यादी कळवावी, आणि आईच्या हातात वजन-लसीकरणाचे कार्ड द्यावे. कोप्यांजवळ (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांजवळ) पाळणाघर चालवणे ही मात्र कारखाना आणि शासन यांची जबाबदारी आहे, आणि तशी मागणी करणारा ठराव तुमच्या ग्रामसभेने जरूर करावा.

प्रश्न : लातूरमधील एका नर्सरीच्या पत्रकात ‘मेंदूचा ८५ टक्के विकास सहा वर्षांपूर्वी’ असे छापले आहे आणि माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला रोज पानभर अक्षरे गिरवायला देतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : ८५ टक्क्यांचा आकडा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आहे, पण त्याच धोरणाने या वयासाठी खेळातून आणि कृतीतून शिक्षण सांगितले आहे, पानभर गिरवणे नव्हे. सहा वर्षांनंतर दारे बंद होतात, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. गिरवण्याऐवजी तिला माती मळू द्यावी, कागद फाडू-चिकटवू द्यावा आणि घरच्या भाषेत भरपूर गोष्टी सांगाव्यात. बाईंनी वही मागितली, तर हेच धोरण त्यांच्यासमोर ठेवावे.