खारीच्या पहिल्या शिकारीसाठी .४१० नको

धक्का कमी म्हणून तू .४१० ही बारीक नळीची छर्र्यांची बंदूक घेतोयस, पण जरा थांब. तिच्या अडीच इंची काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम छर्रे बसतात. नेम थोडा हुकला की जखमी खार ढोलीत शिरते आणि तिथेच तडफडत राहते. माझ्या हातून एकदा हे झालंय, अजून सलतं. त्यापेक्षा २८ गेज, म्हणजे जरा मोठ्या नळीची बंदूक घे. २१ ग्रॅम छर्रे, धक्का तरीही हलकाच.

परवाना, नारिंगी जाकीट-टोपी हे आलंच. पण पेनसिल्व्हेनियातल्या ओकच्या रानात शिरण्याआधी २५ यार्डांवर मोठा कागद लाव, सहा नंबरच्या छर्र्यांचा एक बार काढ आणि भोकं मोज. खारीएवढ्या जागेत चार-पाच भोकं पडली नाहीत, तर आणखी जवळ गेल्याशिवाय घोडा ओढू नकोस.